मंडळीच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन अडलंय, नवीन इन्स्टॉल करू का?

इंदूरच्या एका मंडळीच्या (म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या) नव्या सेक्रेटरी ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सभासदांची यादी, कुटुंबपत्रकं आणि दानाच्या नोंदी चर्चसीआरएम या वेबवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहेत. जुने सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाताना त्यांनी वहीत 'अॅडमिन' हे युजरनेम आणि पासवर्ड लिहून दिला. तो टाकला तर आधी 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा' असं आलं आणि चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर खातंच लॉक झालं. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, पण मेल येत नाही. पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे आणि मतदार यादी लावायची आहे. कुणीतरी सुचवलं की सगळं काढून नवीन इन्स्टॉल करा. करावं का?

ताई, नवीन इन्स्टॉल मुळीच करू नका. तुमची यादी त्या लॉगिनच्या पानात नाही. ती होस्टिंगच्या (वेबसाइटसाठी भाड्याने घेतलेल्या जागेच्या) सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये आहे आणि आत्ता या क्षणी तिथे सुखरूप आहे. लॉगिन हे फक्त तिच्यापर्यंत जायचं दार आहे. दार अडलं म्हणून घर पाडायला कुणी सांगत असेल तर त्याला कीबोर्डजवळ बसू देऊ नका. त्याच डेटाबेसवर नवीन इन्स्टॉल चढवलं आणि जुनी टेबलं पुसली गेली, तर वर्षानुवर्षं भरलेली कुटुंबपत्रकं परत आणणं फार अवघड होतं, आणि बॅकअप नसेल तर अशक्य.

मी सोळा-सतरा वर्षं इंदूर, महू, देवास, उज्जैन भागातल्या चर्च-ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो. लॉगिन अडल्याचे जितके फोन मला आले, त्यांतल्या बऱ्याच वेळा पासवर्ड बरोबरच होता. म्हणून आधी टाइप करण्याबद्दल बोलतो, कारण घोटाळा बहुतेक तिथेच होतो आणि पासवर्डच्या जागी काळे ठिपके दिसत असल्यामुळे तो कळत नाही.

तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हिंदी किंवा मराठी कीबोर्ड घातलेला असणार, कारण आराधनेचा क्रम आणि सूचना त्यावरच टाइप होतात. पासवर्डच्या रकान्यात येताना तो देवनागरीवरच राहिला, तर तुम्ही बोटाने इंग्रजी अक्षर दाबता आणि आत भलतंच देवनागरी अक्षर जातं. ठिपका मात्र तसाच उमटतो. विंडोजमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात कुठली भाषा आहे ते बघा. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. खात्री करायची तर पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा आणि मग तोच हाताने रकान्यात टाका. नोटपॅडची फाइल सेव्ह न करता बंद करा.

मोबाइलवरून करत असाल तर आणखी दोन गोष्टी. फोन कधीकधी स्वतःहून पहिलं अक्षर मोठं करतो. आणि व्हॉट्सअॅपवर आलेला पासवर्ड कॉपी करून चिकटवला, तर शेवटी एक रिकामी जागा बरोबर येऊ शकते. माणसाला ती दिसत नाही, प्रोग्रॅम मात्र ती मोजतो. आकड्यांचंही तसंच. मराठी कीबोर्डवरचा ५ आणि इंग्रजी कीबोर्डवरचा पाच हे कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी चिन्हं आहेत. वहीतलं अक्षर नीट वाचलंय ना, हेही एकदा तपासा. हाताने लिहिलेला इंग्रजी 'ओ' आणि शून्य, छोटा 'एल' आणि एक, यांच्यात फरक करणं कठीण जातं. जुने सेक्रेटरी फोनवर आहेत. त्यांना एकेक अक्षर उच्चारून विचारा.

दुसरं, पत्ता. गूगलवर नाव शोधून आलेल्या पहिल्या पानावर लॉगिन करायला जाऊ नका. चर्चसीआरएम हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे, तो ज्या मंडळीने बसवला तिने घेतलेल्या सर्व्हरवर राहतो. त्यामुळे तुमच्या मंडळीचा पत्ता जगात एकच आहे, दुसऱ्या कुठल्याही पानावर तुमचा पासवर्ड चालायचा प्रश्नच येत नाही. या प्रोग्रॅमच्या एका सेटिंगच्या फाइलमध्ये तो पत्ता लिहून ठेवावा लागतो, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. मध्यंतरी कुणी साइटला कुलपाचं चिन्ह आणणारं प्रमाणपत्र बसवलं असेल, किंवा पत्ता बदलला असेल आणि ती फाइल जुनीच राहिली असेल, तर पान उघडतं पण पुढे जात नाही. जे लोक ब्रीझ किंवा प्लॅनिंग सेंटरसारख्या वर्गणीच्या सेवा वापरतात त्यांचं जरा निराळं असतं. ब्रीझमध्ये प्रत्येक मंडळीला तिच्या नावाचा स्वतंत्र पत्ता मिळतो; प्लॅनिंग सेंटरमध्ये ऑफिसचं दार वेगळं आणि सभासदांसाठीचं 'चर्च सेंटर' वेगळं. सभासदांच्या दारातून आत गेलेला सेक्रेटरी 'माझी यादी गेली' म्हणून घाबरतो.

तिसरं, ऑफिसचं घड्याळ. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. चर्च-ऑफिसचा जुना कॉम्प्युटर आठवडाभर बंद असतो, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपतो आणि रविवारी मशीन सुरू केलं की तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. मग ब्राउझर म्हणतो की ही साइट सुरक्षित नाही, कारण साइटचं प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला अस्तित्वातच नव्हतं. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरच्या अॅपमधला कोडही मागणारी सोय, लावली असेल तर त्या अॅपमधला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो वेळेवरूनच काढलेला असतो. फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असलं तरी कोड नाकारला जातो. फोनमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू ठेवा. कॉम्प्युटरचा सेल २०३२ नंबरचा असतो, इंदूरच्या जेल रोडला सहज मिळतो.

आता लॉकबद्दल. चर्चसीआरएम चुकीचे प्रयत्न मोजतं आणि ठरावीक आकड्याला, सहसा पाचला, खातं बंद करतं. तासभर थांबून ते उघडत नाही, कारण तो आकडा डेटाबेसमध्ये त्या खात्यासमोर लिहिलेला असतो. म्हणून आणखी प्रयत्न करण्यात अर्थ नाही. मंडळीत दुसऱ्या कुणाकडे अॅडमिनचे अधिकार असतील, खजिनदार असोत की पाळकसाहेब (चर्चचे पास्टर), तर ते आत जाऊन युजरच्या यादीतून तुमच्या खात्याचे चुकलेले प्रयत्न शून्य करू शकतात आणि नवीन पासवर्डही देऊ शकतात. दोन मिनिटांचं काम आहे. आधी हे विचारा.

तसं कुणीच नसेल तर होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून जावं लागेल. तिथे पीएचपीमायअॅडमिन नावाचं साधन असतं, त्यातून डेटाबेस सरळ दिसतो. आत गेल्यावर पहिलं काम फक्त एकच: 'एक्स्पोर्ट' दाबून सगळ्या डेटाबेसची प्रत उतरवून घ्यायची आणि ती पेनड्राइव्हवर ठेवायची. ती हातात आल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका. मग 'user_usr' नावाचं टेबल उघडा. त्यात चुकलेल्या लॉगिनचा आकडा ठेवणारा रकाना आहे. तुमच्या ओळीतला तो आकडा शून्य केला की कुलूप निघतं. पासवर्डचा रकाना शेजारीच दिसेल, पण त्यात नवीन पासवर्ड टाइप करून काही होणार नाही. तिथे पासवर्ड मूळ अक्षरांत ठेवलेला नसतो, त्याचं उलगडता न येणारं रूप ठेवलेलं असतं. हे काम कधी केलं नसेल तर जाणकार माणसाला शेजारी बसवा, आणि त्याला दूरवरून स्क्रीन ताब्यात देण्याऐवजी ऑफिसात बोलवा.

रीसेटचा मेल का येत नाही? बहुधा मेल पाठवण्याची सोय कधी नीट जोडलेलीच नसते. प्रोग्रॅम बसवताना मेल सर्व्हरची माहिती भरावी लागते. ती रिकामी राहिली तरी बाकी सगळं व्यवस्थित चालतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. माहिती भरलेली असली तरी स्वस्त होस्टिंगवरून गेलेला मेल जीमेल पुष्कळदा स्पॅममध्ये टाकतं. २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम गूगलने आणखी कडक केलेत. स्पॅमचा कप्पा बघा. आणि मुख्य म्हणजे तो मेल जातोय कुठल्या पत्त्यावर ते विचारा. 'अॅडमिन' खात्यासमोर जुन्या सेक्रेटरींचा स्वतःचा पत्ता असेल, तर तुम्ही दाबलेल्या प्रत्येक रीसेटचा मेल पुण्याला जातोय.

ताई, तुमच्या अडचणीचं मूळ मला इथे दिसतं. सेक्रेटरी बदलले, पण किल्ल्या बदलल्या नाहीत. आणि किल्ली म्हणजे वहीतला पासवर्ड एवढंच नव्हे. वेबसाइटच्या नावाची नोंदणी कुणाच्या ईमेलवर आहे, होस्टिंगचं बिल कुणाच्या कार्डवरून जातं, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, या तीन गोष्टी ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळी यादी. जुन्या सेक्रेटरींना फोन कराल तेव्हा पासवर्डआधी या तीन गोष्टी विचारा. त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर ते मंडळीच्या भल्यासाठीच घेतलं असेल. त्या वेळी मंडळीचा स्वतःचा ईमेलही नसेल. त्यांना संशयाने विचारू नका. एक संध्याकाळ ठरवा, दोघं फोनवर बसा आणि सगळं मंडळीच्या नावाच्या ईमेलवर वळवून घ्या. तो ईमेल पाळकसाहेब आणि सेक्रेटरी अशा दोघांना उघडता आला पाहिजे.

याबद्दल मी इतकं जीव तोडून का सांगतो, त्याला कारण आहे. २०२१ च्या मे महिन्यात एका मंडळीचे खजिनदार कोरोनाने गेले. त्यांचा प्रोग्रॅम वर्गणीचा होता आणि लॉगिनचा कोड फक्त त्यांच्या मोबाइलवर येई. टाळेबंदीत धान्य वाटायला कुटुंबांची यादी तातडीने हवी होती. दफनाला आठ दिवस झाले होते, तेव्हा पाळकसाहेब आणि मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी फोन रोज चार्ज करून ठेवला होता, बंद पडू दिला नव्हता. कोड आला. त्यांनी तो वाचून दाखवला, सहा आकडे, आणि चौथ्या आकड्याला त्यांचा आवाज थांबला. आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो. कोडची मुदत संपली, दुसरा मागवावा लागला. एखाद्या घरावर अशी वेळ पुन्हा आपल्यामुळे येऊ नये, म्हणून त्या दिवसापासून मी कुठल्याही मंडळीत एकाच माणसाच्या फोनवर अडकलेलं खातं राहू देत नाही. दोन माणसांना अॅडमिन करतो आणि दुहेरी पडताळणीचे राखीव कोड कागदावर छापून, पाकीट बंद करून, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरबरोबर कपाटात ठेवायला लावतो. रिचार्ज न केलेला मोबाइल नंबर बंद होतो आणि ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. मग तुमच्या मंडळीचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल.

'अॅडमिन' हे एकच खातं सगळ्यांनी वापरायचं, ही पद्धत आता बंद करा. मला माहीत आहे की ती सोयीची वाटते. पण या प्रोग्रॅममध्ये अधिकार वाटून देता येतात: कुणी फक्त नोंदी बघेल, कुणी नवीन नोंद घालेल, कुणी दुरुस्त करेल, दानाचा हिशेब फक्त खजिनदार बघतील, आणि सभासद स्वतःच्या घरापुरती माहिती सुधारू शकेल. कुठल्याही युजरची आधी व्यक्ती म्हणून नोंद असावी लागते, म्हणजे ताई, आधी तुमचं कुटुंबपत्रक आणि मग तुमचं लॉगिन. एकच खातं असलं की कुणी काय बदललं ते कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाळकसाहेबांनी घरभेटीनंतर लिहिलेली टिपणं. कुणाचं आजारपण, कुणाच्या घरातला बेबनाव, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न. तरुण संघातल्या एखाद्या मुलाला बॅनर छापायला फोन नंबर हवे म्हणून तो पासवर्ड दिला, तर त्याच दारातून तो हेही वाचू शकतो. लोक ज्या विश्वासाने पाळकाशी बोलतात, त्याला हे शोभत नाही. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अशी माहिती नीट सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

एक तपासणी आजच करा. चर्चसीआरएम बसवल्यावर पहिल्या लॉगिनसाठी जो ठरलेला पासवर्ड असतो तो त्याच्या माहितीपत्रकातच छापलेला आहे, म्हणजे जगाला ठाऊक आहे. वहीतला पासवर्ड 'चेंजमी' असेल तर तो तोच आहे. आत गेल्याबरोबर बदला. नवीन पासवर्ड लांब ठेवा. चार-पाच साधे मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहिले तरी चालतात. वचनाचा अध्याय आणि ओवी घालू नका, चर्चच्या ऑफिसात कुणीही आधी तेच करून बघेल.

आता रविवारची यादी. लॉगिन तोपर्यंत सुटलं नाही तरी यादी अडत नाही. पीएचपीमायअॅडमिनमधून व्यक्तींचं आणि कुटुंबांचं टेबल सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) स्वरूपात उतरवता येतं. ती फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली तर देवनागरी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. घाबरू नका, नावं शाबूत आहेत. गूगल शीट्समध्ये उघडा, किंवा लिब्रेऑफिसमध्ये यूटीएफ-८ (देवनागरी नीट दाखवणारा अक्षरसंकेत) निवडून उघडा. प्रत्येक व्यक्तीसमोर तिच्या वर्गाचा (मेंबर, नियमित येणारे, पाहुणे वगैरे) आकडा असतो. तुमच्या घटनेप्रमाणे मताचा हक्क ज्यांना आहे त्यांच्यापुरती यादी गाळून घ्या.

आणि इथे आपल्या मराठी घरांचं एक खास दुखणं आहे, तिकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे नोंदी करणारे बहुतेक हिंदीत लिहितात, आणि रोजच्या हिंदीत ळ नाही. म्हणून साळवे कुठे 'साल्वे' आहेत, कुठे 'सालवे'. काळे 'काले' झालेत. एकाच घरातला बाप 'साळवे' आणि मुलगा 'साल्वे' असेल तर प्रोग्रॅमला ती दोन आडनावं वाटतात आणि शोधात अर्धं घर गायब होतं. गोऱ्हे, कऱ्हाडे यांसारख्या नावांतला ऱ्ह तर दोन प्रकारे टाइप करता येतो, दिसायला अगदी सारखा, आतला संकेत वेगळा. यादीत नाव दिसतंय आणि शोधलं तर सापडत नाही, असं झालं की कारण बहुधा हेच असतं. तेव्हा नाव गाळण्याआधी मोबाइल नंबरवरून शोधा. सभेच्या दिवशी दारात एखाद्या आजोबांना 'तुमचं नाव यादीत नाही' असं ऐकावं लागणं फार लागतं. इथे इंदूरला कॅनेडियन मिशनचं (कॅनडातून आलेल्या मिशनऱ्यांचं) काम १८७७ ला सुरू झालं. काही घरांची चौथी-पाचवी पिढी त्याच बाकांवर बसते.

म्हणून कागदाचं रजिस्टर हाच शेवटचा आधार धरा. बाप्तिस्म्याचं आणि लग्नाचं रजिस्टर कपाटातून काढून छापलेली यादी त्याच्याशी ताडून बघा. लग्नाच्या नोंदीला तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचा आधार आहे, कॉम्प्युटरमधली ओळ तिची जागा घेऊ शकत नाही.

क्रम सांगायचा तर आज रात्री जुन्या सेक्रेटरींना फोन आणि होस्टिंगची माहिती. उद्या डेटाबेसची प्रत, मग कुलूप काढणं. गुरुवारपर्यंत यादी छापून चर्चच्या फलकावर लावा, शेजारी दोरीला पेन बांधा आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा की ज्यांचं नाव चुकलं किंवा राहिलं असेल त्यांनी इथेच लिहावं. शनिवारच्या प्रार्थनेला येणारी म्हातारी माणसं ती यादी ओळ न् ओळ वाचतात. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या रविवारच्या सभेत वापरा आणि सोमवारी तुमच्या स्वतःच्या नव्या लॉगिनने आत जाऊन एकेक करून भरा. कुठे अडलात तर पडद्यावर आलेला निरोप जसाच्या तसा लिहून कळवा. फोटो काढणार असाल तर पासवर्ड दिसत नाही ना तेवढं बघून घ्या.